कादे मांय?

आज सकाळी तळघरातला पंप पुन्हा सुरू झाला. मिशिगनमध्ये वसंत आल्याचं बाकीच्यांना कशावरून कळतं कोण जाणे. कुणी ट्युलिपचे फोटो टाकतं, कुणी पार्किंगच्या कोपऱ्यातला काळाकुट्ट बर्फाचा ढीग एकदाचा वितळला म्हणून कळवतं. आमच्या घरी ते पंप सांगतो. जमिनीखालचं पाणी वाढलं की ते तळघराच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात उतरतं, पंप घरघरतो, पाणी मागच्या गवतावर फेकतो आणि गप्प होतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. इथे नोव्हाय गावात नवीन आलो तेव्हा मला या पंपाचं फार कौतुक होतं. आता त्याचा आवाज आला की मी हातातलं काम तसंच ठेवून उभी राहते.

"अगं, पंप चालू आहे ही गुड न्यूज आहे," मिलिंद म्हणतो. "बंद पडला तर घाबर." माझा नवरा गाड्यांच्या सीटा डिझाइन करतो, त्यामुळे कुठल्याही वस्तूबद्दल त्याचं बरोबरच असतं. माझ्या भीतीला मात्र इंजिनिअरिंग कळत नाही, त्याला तो तरी काय करणार.

मागच्या वसंतात आमच्या घरी बिया होती. तिचं पूर्ण नाव बेआत्रीस, पण ब्राझीलमध्ये बेआत्रीसला घरात बिया म्हणतात. एकुलती एक मुलगी आणि नाव अनेकवचनी. हे तिला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं तेव्हा ती इतकी हसली, की मला वाटलं, वर्ष बरं जाणार.

आमच्या इथल्या काही शाळा, वाचनालय आणि दक्षिण ब्राझीलमधलं नदीकाठचं एक छोटं गाव यांची जुनी भागीदारी होती. तिकडचे शिक्षक इकडे येऊन वर्गात बसायचे, इकडची मुलं सुट्टीत तिकडे जाऊन पोर्तुगीज शिकायची, आणि दरवर्षी तिकडची एखाद-दुसरी मुलगी इकडच्या घरात राहून इथल्या हायस्कूलमध्ये शिकायची. या सगळ्याला कल्चरल एक्स्चेंज म्हणायचं. मी सांगलीची. एक्स्चेंज म्हटलं की मला दारावर येणारी बोहारीण आठवते. जुन्या साड्या घ्यायच्या आणि स्टीलचं पातेलं द्यायचं. घासाघीस करून शेवटी दोघींनाही आपणच फसलो असं वाटायचं, आणि तरी पुढच्या महिन्यात ती पुन्हा यायची.

आमच्याच वसाहतीत राहणारी लिंडा ही या भागीदारीची सर्वेसर्वा. शाळेतून निवृत्त झालेली, पांढरे केस मुलासारखे कापलेले, आणि कुणाचं 'नाही' ऐकून घ्यायची सवयच नसलेली. आमचा अनिकेत कॉलेजला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली हे आमच्याही आधी तिच्या लक्षात आलं. ब्राझीलच्या मुलीला अमेरिकन कुटुंब हवं आहे, ते तुम्ही व्हा, असं तिने मला सांगितलं. मी म्हटलं, "लिंडा, आमच्याकडे रोज वरणभात असतो." लिंडा म्हणाली, "पर्फेक्ट." त्या पर्फेक्टवर वाद घालायला मला इंग्रजीत शब्द सुचले नाहीत.

तर अमेरिका बघायला आलेल्या त्या मुलीला पहिल्या रात्री अमेरिका म्हणून पिठलं मिळालं. तिने ते बोटाने चाटून पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना ती बॅग उपसत काहीतरी शोधू लागली आणि पुटपुटली, "शावी, शावी." मी ओट्यापाशी होते. सहज म्हटलं, "चावी? ती बघ फ्रिजवर." ती थांबली. मीही थांबले. एकमेकींकडे बघत राहिलो. मग तिने टेबलावरच्या बटाट्याकडे बोट केलं आणि जपून म्हणाली, "बटाटा?" मी म्हटलं, "बटाटा." त्या दिवशी तिची शाळेची बस चुकली.

पुढचे कितीतरी दिवस आम्ही दोघी घरभर शब्द उचलत हिंडलो. पाव निघाला, काजू निघाला. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी एकच पाहुणे दोन घरी जाऊन आले आणि दोन्हीकडे आपलं सामान विसरले, तसं ते होतं. त्या पाहुण्यांनी दोन्ही घरांचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही तेवढ्यापुरतं ते बाजूला ठेवलं आणि चावीवर खूश झालो. लेकीला तिकडे फिल्या आणि आईला मांय म्हणतात हे कळलं तेव्हा मी हातातली कणीक सोडून तिला सांगितलं, आमच्याकडे माय. ती म्हणाली, "मग आपण कझिन्सच आहोत, माऊशी." मावशी तिला जमायचं नाही, माऊशी जमायचं.

फसगतही व्हायची. थँक्सगिव्हिंगच्या आधी तिने विचारलं, तुम्ही त्या दिवशी पेरू खाता ना? मला भरून आलं. या थंडीत, या देशात, पोरीला पेरू हवाय. दोन-तीन देशी दुकानं पालथी घालून मी पेरू आणले, फोडी केल्या, तिखटमीठ लावलं. ती बराच वेळ ताटलीकडे बघत राहिली. पेरू म्हणजे तिच्या भाषेत टर्की. त्या दिवशी नोव्हायच्या घराघरांत टर्की भाजत होती आणि आमची बिया तिखट लागून नाक ओढत पेरू खात होती. मिलिंद म्हणाला, "पेरू आणि बिया एकाच टेबलावर, यार." हा विनोद त्याने मे महिन्यापर्यंत पुरवला.

पण सगळ्यात जास्त वापरातला शब्द म्हणजे कादे. कादे म्हणजे कुठे आहे. ती दिवसभर काही ना काही हरवायची आणि घरभर तिचं कादे, कादे चालायचं. आधी मला ते आपलं 'कडे' वाटायचं. एकदा ती जिन्यावरून ओरडली, "कादे माझा फोन?" मी खालून म्हटलं, "तुझ्याकडे." आणि खरंच तिच्याच हातात होता. मग तो आमचा खेळच झाला. "कादे काका?" "लॉनकडे." "कादे माझे सॉक्स?" "वॉशिंग मशीनकडे." तिच्या भाषेत जो प्रश्न होता तेच माझ्या भाषेत उत्तर होतं. इतकं सोयीचं दुसरं काही माझ्या आयुष्यात आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला जमत नव्हती. तिच्या भागात माते नावाची कडू पाल्याची पावडर दुधीसारख्या वाळक्या फळाच्या भांड्यात भरतात, वर गरम पाणी ओततात, त्यात धातूची एक नळी खुपसतात आणि घरातली सगळी माणसं त्या एकाच नळीतून आळीपाळीने पितात. एकाने प्यायचं, भांडं परत द्यायचं, पुन्हा पाणी ओतून दुसऱ्याला. मी तांब्या वरून धरून पाणी पिणाऱ्या घरातली. उष्टं हा शब्द मला बिया सोडून आजवर कुणालाच समजावता आलेला नाही, आणि तिला तो समजला तेव्हा ती जरा दुखावलीच. मी एकदा नळीला ओठ न लावता काहीतरी नाटक केलं आणि भांडं देताना थँक्यू म्हटलं. तिने मला पुन्हा दिलंच नाही. नंतर कळलं की तिकडे थँक्यू म्हणजे आता पुरे. पीत असाल तोवर आभार मानायचे नाहीत. ही रीत मला फार आवडली. आमच्या घरीही आईला कधी कुणी थँक्यू म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हटलं असतं तर तिला वाटलं असतं, जेवण आवडलं नाही.

इथे वसंत असतो तेव्हा तिकडे पानगळीचे दिवस असतात. इथे बर्फाचं पाणी जमिनीत मुरत होतं, आमचा पंप चालू झाला होता आणि तळ्यांवर कॅनडातली बदकं परत येऊन सगळीकडे घाण करत होती, तेव्हा तिच्या गावात पाऊस लागला. बियाची आई सेलिया बेकरीत काम करायची. घर आणि बेकरी दोन्ही नदीकडच्या रस्त्याला. वडील फार पूर्वीच सोडून गेलेले, त्यामुळे या दोघीच. सेलियाचा आवाजी मेसेज आला की बिया तो मला ऐकवायची. त्या शेवटच्या मेसेजमध्येही पावसाचा आवाज होता आणि सेलिया हसत होती. पिठाची पोती माळ्यावर चढवतोय, म्हणत होती, एवढा पाऊस कुणी बघितलेला नाही. त्यानंतर बियाने पाठवलेल्या मेसेजला एकच करडी टिक आली. दुसरी आलीच नाही.

त्या एका टिकेने आमचं घर ताब्यात घेतलं. बिया जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायची आणि घास घेतला की बघायची, नाही घेतला तरी बघायची. बातम्यांमध्ये तिचं गाव वरून दाखवलं. तपकिरी पाणी आणि त्यात छपरं. ती चित्र मोठं करून करून आपलं छप्पर शोधायची, आणि सगळी छपरं सारखीच होती. मी सांगलीची, मला पाणी माहीत आहे. आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं हे आमच्याकडे लहान मुलालाही विचारता येतं. पाणी दारातून येत नाही, आधी मोरीतून वर येतं, हे मला माहीत आहे. म्हणून मी तिला विचारलं, घर कितव्या मजल्यावर? ती म्हणाली, मजला नाहीच, माऊशी. बैठं घर. हे विचारायला नको होतं असं मला त्याच क्षणी वाटलं.

भारतातल्या माणसांची काळजी करताना एक आडोसा असतो. इथे रात्र तेव्हा तिथे दिवस, आपण झोपतो तेव्हा तिकडे कुणीतरी जागं असतं. बियाच्या आईच्या आणि आमच्या घड्याळात एका तासाचा फरक होता. आमच्याकडे अंधार पडायला लागला की तिच्याकडेही पडलेला असायचा. आमच्या स्वयंपाकघरात दिवे लागायचे आणि बिया ते बघून तोंड फिरवायची.

शाळेतून आली की ती तळघरात जाऊन पंपापाशी उभी राहायची. पंप घरघरला की तिचे खांदे आवळायचे, थांबला की ती श्वास सोडायची. मी एकदा म्हटलं, "बिया, वर ये, इथे गार आहे." ती म्हणाली, "हे पाणी कुठून येतं?" मी म्हटलं, जमिनीतून. "रोज येतं?" या दिवसांत रोज. "आणि तुम्ही वर बसून टीव्ही बघता?" तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

माझी आई सांगलीहून रोज फोन करायची. तिने बियाला कधी पाहिलं नव्हतं, व्हिडिओवर दोन-चारदा नमस्कार केला होता तेवढाच. फोन उचलला की पहिलं वाक्य, "त्या पोरीची आई घावली का गं?" नाही म्हटलं की म्हणायची, "वर चढली असंल की. पाणी आलं की माणूस वर चढतंय." मी चिडायचे. आई, तू इथे बसून काय सांगतेस, म्हणायचे. इथे म्हणजे कुठे, हे मलाही कळत नव्हतं. सांगली, नोव्हाय आणि ते गाव माझ्या डोक्यात एकाच नदीवर येऊन बसले होते.

लिंडाचे ईमेल यायचे. आम्ही तुमच्यासोबत आहोत, प्रेम आणि प्रकाश पाठवत आहोत. मी मिलिंदला म्हटलं, प्रकाश पाठवण्यापेक्षा होडी पाठवा म्हणावं. तो म्हणाला, "अगं, बिचारी काय करणार? तिने दोन्ही एम्बसींना फोन करून झालेत." ते खरं होतं. लिंडाने माहीत असलेल्या सगळ्यांना फोन केले होते. त्याच आठवड्यात वाचनालयात भागीदारीची ब्राझील संध्याकाळ ठरलेली होती. ती कॅन्सल करायची की पूरग्रस्तांसाठी करायची यावर कमिटीत वाद झाला, आणि शेवटी करायची ठरली. बिया म्हणाली, मी नाचणार नाही. कुणी तिला नाच म्हणालंही नव्हतं.

शाळेत दिवसभर फोन जमा करून घेतात. म्हणून तिने गावातल्या सगळ्या ओळखीच्या लोकांना माझाही नंबर पाठवून ठेवला होता, काही कळलं तर इथे कळवा म्हणून. मी घरून काम करते. त्या दुपारी मी एका मीटिंगमध्ये होते आणि फोनवर अनोळखी नंबरवरून एक आवाजी मेसेज आला. मी मीटिंग तशीच सोडून ऐकला.

म्हातारीचा आवाज होता. बियाच्या शेजारी राहणारी दोना इल्मा, जर्मन वंशाची, जिच्या अंगणातली संत्री बिया चोरायची, ती असणार हे मी ओळखलं. मागे पाण्याचा आणि माणसांच्या ओरडण्याचा इतका कालवा, की शब्द तुकड्यातुकड्यांनी येत होते. दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं. त्या कालव्यातून एकच वाक्य स्पष्ट वर यायचं. सेलिया नो मोरो. मग, सें लूस, सें लूस. लूस म्हणजे प्रकाश हे मला बियाने शिकवलं होतं. सें म्हणजे विना. आणि पहिल्या वाक्याला मला भाषांतराची गरजच वाटली नाही.

आमच्याकडे इंग्रजीत माणूस मरत नाही, तो नो मोअर होतो. घरच्या ग्रुपवर सकाळी उठल्यावर दिसतं, नाना नो मोअर, आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. माझे वडील गेले तेव्हा मलाही ते असंच कळलं होतं, भावाचे दोन शब्द. सेलिया नो मोरो. म्हातारी इंग्रजी कुठून शिकली हा प्रश्न मला पडला नाही. माझ्याशी बोलायचं म्हणून शिकून म्हटलं असेल, असं वाटलं. फोनला भाषांतर करायला लावलं तर त्या गोंगाटात त्याला एक शब्द लागेना. त्या नंबरवर फोन केला तर लागेना.

मी लिंडाला फोन केला. म्हटलं, "लिंडा, सेलिया इज नो मोअर." लिंडा म्हणाली, "नो मोअर व्हॉट, हनी?" मी पुन्हा तेच म्हटलं. तिने पुन्हा तेच विचारलं. शेवटी मला तो उघडा शब्द उच्चारावा लागला, डेड. मी कुठल्याही भाषेत कुठल्याही माणसाबद्दल तो शब्द तोवर वापरला नव्हता. मराठीत माणसं जातात, वारतात. मी त्या बाईला इंग्रजीत सरळ मारून टाकलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. लिंडा पलीकडे रडत होती. ती म्हणाली, मी तुझ्याबरोबर शाळेत येते. मी म्हटलं, नको. दोघी दिसलो तर तिला पार्किंगमधूनच कळेल.

शाळा सुटेपर्यंत मी गाडीत बसून होते. बिया आली, बॅग मागे टाकली, सीटबेल्ट लावला. रोजच्यासारखं विचारलं, "काही?" मी गाडी सुरू केली. घराचं वळण आलं ते मी घेतलं नाही. घर आलं की सांगावं लागणार होतं. पुढेही सांगावं लागणारच होतं, पण माझा हात वळला नाही. तळ्याकाठच्या पार्किंगमध्ये गाडी उभी केली. बारीक पाऊस होता. मला इतकं असहाय आयुष्यात कधी वाटलेलं नाही. दुसऱ्याच्या लेकीला तिची आई गेल्याचं सांगायचं, तेही माझी नसलेल्या भाषेत, तिची नसलेल्या भाषेत.

"बिया, दोना इल्माचा मेसेज आलाय," मी म्हटलं. पुढचं सुचेना. म्हणून फोनच तिच्या हातात दिला आणि तिचं गुडघ्यावरचं मनगट घट्ट धरलं.

तिने ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग तिने डॅशबोर्डवर दोन्ही हात आपटले आणि असा काही आवाज काढला, की मी तिला मिठीत घ्यायला वळले. ती हसत होती. रडत होती आणि हसत होती.

"मोहू, माऊशी," ती म्हणाली. "मोहू. हिल. ती हिलवर आहे. मांय हिलवर आहे."

"ती मोरो म्हणाली," मी म्हटलं. "नो मोरो."

"इल्मा तसंच बोलते. जुनी जर्मन माणसं तसंच बोलतात. नो मोहू म्हणजे हिलवर. लाइट नाही म्हणतेय, लाइट गेलेत तिथले." मग तिला माझं तोंड दिसलं. "तुला काय वाटलं?"

विचारता विचारताच तिला कळलं. तिने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं, आणि मग माझाच हात धरून बसली. गाडीच्या काचा आमच्या श्वासाने पांढऱ्या झाल्या होत्या. मी लिंडाला फोन केला आणि म्हटलं, नॉट डेड, हिल. एवढंच जमलं. आईला सांगलीला कळवलं तर ती म्हणाली, "म्या म्हटलं नव्हतं?"

त्या आनंदाचं आयुष्य एका दिवसाचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये त्या भागातले डोंगर दाखवले. पाऊस थांबला नव्हता आणि डोंगर सुटत होते. हिरव्या उतारावर लांबलचक तांबडा ओरखडा, त्याच्या तळाशी चिखल. कुठला डोंगर ते सांगत नव्हते. बियाने टीव्ही बंद केला, मग पुन्हा लावला. आदल्या दिवशी डोंगर हा शब्द आम्हाला देवासारखा आला होता. आता तो शब्द घरात कुणी काढेना. टिक एकच होती. इल्माचा नंबर लागत नव्हता. आशा नव्हती तेव्हा निदान पाठ टेकत होती. आता बियाला बसवेना, उभं राहवेना. ती फोन कानाला लावून कुणाला तरी हळू आवाजात विचारायची, "कादे मांय? कादे मिन्या मांय?" कुठे आहे माझी आई. पलीकडे फक्त रिंग नसल्याचा आवाज. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायचे. एवढे दिवस घरातल्या प्रत्येक वस्तूला जोडून दिलेलं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि याच प्रश्नाला नव्हतं.

ब्राझील संध्याकाळ त्याच्या दुसऱ्या दिवशी होती. न जाण्यापेक्षा जाऊ, असं बियाच म्हणाली. वाचनालयाच्या हॉलमध्ये झेंडे, चीजचे गोल पाव, मी केलेले सामोसे. लोक येऊन तिला मिठी मारत होते आणि कशी आहेस विचारत होते. ती म्हणत होती, फाइन. मग तिने मातेचं भांडं काढलं, गरम पाण्याचा थर्मास घेतला आणि गोल करून बसलेल्यांना एकेकाला देऊ लागली. प्रत्येकाने एक घोट घेतला, तोंड वाकडं न होऊ देता, आणि भांडं परत देताना मनापासून थँक्यू म्हटलं. एकामागून एक. लिंडानेही. सगळ्यांनी पुरे म्हटलं होतं आणि कुणाला ते ठाऊक नव्हतं. फेरी संपली. बिया भरलेलं भांडं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

मी उठून तिच्याशेजारी गेले आणि हात पुढे केला. नळी कोमट होती, तिला सगळ्या गावाचे ओठ लागलेले. मी प्यायले, तळ घुरघुरेपर्यंत. भांडं परत दिलं आणि काही बोलले नाही. तिने पाणी ओतलं, स्वतः प्याली, पुन्हा ओतलं, मला दिलं. कडू म्हणजे कडूच होतं. लोक पांगले, खुर्च्या घडी व्हायला लागल्या, मिलिंदने सामोशाची भांडी गाडीत नेऊन ठेवली, आणि आम्ही दोघी पीत राहिलो, थर्मास संपेस्तोवर.

ही भागीदारी आता थांबवली आहे. या वर्षी कुणी आलेलं नाही, कुणी गेलेलं नाही. कारणं बरीच सांगतात. लिंडा मागच्या आठवड्यात येऊन स्वयंपाकघरात बसली, पिठलं मागून घेऊन खाल्लं आणि गेली. अनिकेतच्या खोलीचं दार मी उघडंच ठेवते. बिया ठेवून गेली ते मातेचं भांडं तळघरातल्या फडताळात आहे. पंप चालू झाला की ते फळीवर बारीक थरथरतं आणि त्याचा आवाज मला वर येतो. मग मला त्या संध्याकाळनंतरची सकाळ आठवते, आणि मी उभी राहते.

शनिवार होता. पाऊस थांबला होता. मिलिंद चहा गाळत होता आणि बिया खाली पंपापाशी होती. माझा फोन वाजला, अनोळखी नंबर. उचलला तर आधी खरखर, मग एका बाईचा बसलेला, जवळजवळ फुटलेला आवाज, "आलो? आलो?" आलो म्हणजे तिकडचं हॅलो, आणि तो आवाज मी हसताना ऐकला होता. ती भराभर बोलू लागली. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी म्हणणार होते, होल्ड ऑन, शी इज हिअर. इतकं साधं वाक्य, आणि माझ्या तोंडात कुठलीच भाषा उरली नव्हती. मग ती थांबली, दम घेतला, आणि माझ्यासारख्या बाईलाही कळेल असं हळू, एकेक शब्द वेगळा करत विचारलं, "कादे बिया? कादे मिन्या फिल्या?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे."